पासष्ट पाइपांचा घुमट आणि पाबळचे कलबाग सर

आमच्या गावच्या वाचनालयाला अभ्यासिकेसाठी एक स्वतंत्र खोली हवी होती. दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले संध्याकाळी पुस्तकांच्या कपाटांमध्येच सतरंजी टाकून बसत, आणि पुस्तक बदलायला येणाऱ्या वाचकांना त्यांच्या वह्या ओलांडून जावे लागे. स्लॅबच्या चौकोनी खोलीचे अंदाजपत्रक आम्ही दोनदा काढले आणि दोन्ही वेळा ते कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून मुकाट्याने फाइलला लावले. शेवटी दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलेल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांकडून आम्ही 20 फूट व्यासाचा घुमट बांधून घेतला. आत लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर फेरोसिमेंटचे, म्हणजे तारेच्या जाळीवर दाबलेल्या सिमेंट-वाळूच्या गिलाव्याचे, कवच, अशी त्याची रचना आहे. त्यावरून आता दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गेले आहेत, त्यामुळे वाचनालयाचा चिटणीस या नात्याने या वस्तूविषयी आणि ती बांधणाऱ्यांच्या कामाविषयी काही लिहिण्याइतका अनुभव गाठीशी जमला आहे.

या परीक्षणात विज्ञान आश्रमाचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग यांचे नाव पुन्हा पुन्हा येईल, ते टाळणे मला जमले नाही. मी त्यांना कधी भेटलो नाही. 2003 साली ते गेले तेव्हा मी शेजारच्या तालुक्यात शिक्षक होतो, आणि पाबळला कुणी शास्त्रज्ञ शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग शिकवतात, एवढेच माझ्या कानावर होते. त्यांच्यावर लिहिलेले गौरवपर लेख नंतर वाचले. परंतु ते कोणत्या प्रकारचे शिक्षक होते हे मला समजले ते त्या लेखांतून नव्हे. आमच्या घुमटाचे काम चालू असताना जे तीन आठवडे मी खुर्ची टाकून उन्हात बसलो, त्या तीन आठवड्यांत समजले. आमच्या कारागिरांनी आपले नाव छापू नये अशी विनंती केली आहे, म्हणून त्यांचा उल्लेख मी ‘कारागीर’ असाच करणार आहे.

आधी वस्तूविषयी. या प्रकारच्या घुमटाला भिंत आणि छप्पर असे वेगळे भाग नसतात. त्रिकोणांना त्रिकोण जोडत नेऊन अर्धा गोल तयार केलेला असतो. अमेरिकेतील बकमिन्स्टर फुलर यांनी या रचनेचे पेटंट 1954 साली मिळवले आणि तिला जगभर प्रसिद्धी दिली. पाबळला तिचे जे रूप घडले, त्याला आमच्या भागात ‘पाबळ डोम’ असेच म्हणतात. आमच्या घुमटात 65 पाइप आणि 26 सांधे आहेत, आणि पाइपांच्या लांब्या केवळ दोन आहेत. लांब पाइप 35 आणि आखूड पाइप 30. लांब पाइपाची लांबी काढायची तर घुमटाच्या त्रिज्येला 0.618 ने गुणावे आणि आखूड पाइपासाठी 0.546 ने गुणावे, म्हणजे 10 फूट त्रिज्येसाठी साधारण 6 फूट 2 इंच आणि 5 फूट साडेपाच इंच अशी मापे येतात. ही मापे सांध्याच्या मध्यापासून सांध्याच्या मध्यापर्यंतची असतात, त्यामुळे प्रत्यक्ष पाइप कापताना सांध्याची जागा वजा करावी लागते. या वजावटीची एक गोष्ट पुढे येणार आहे.

सगळी गंमत या दोन लांब्यांत आहे. कापलेल्या पाइपांचे दोन ढीग घातले, आखूड पाइपांच्या टोकांना पिवळा रंग लावला आणि सांध्यांच्या चकत्या मांडून ठेवल्या की उभारणीला कुशल माणूस लागत नाही. आमच्याकडे कारागीर आणि त्यांचा एक शिकाऊ मुलगा सोडला तर बाकीचे सगळे अभ्यासिकेतील विद्यार्थी होते, आणि त्यांनी सकाळी आठ ते दुपारी तीन या वेळात केवळ पान्यांनी नट-बोल्ट आवळत संपूर्ण सांगाडा उभा केला. शेवटचा बोल्ट बसेपर्यंत तो सांगाडा हलत होता, आणि बोल्ट बसल्यावर चार मुले त्यावर चढली तरी जागचा हलला नाही. चौकट तिरकी होऊ शकते, त्रिकोण होऊ शकत नाही, हे मी तीस वर्षे फळ्यावर शिकवले होते. त्या दिवशी ते मी हाताने हलवून पाहिले.

पाइप उभे राहिल्यावर त्यावर वेल्डमेशची आणि चिकनमेशची जाळी बांधली गेली आणि मग आतून एकाने फळी धरायची, बाहेरून दुसऱ्याने सिमेंट-वाळूचा गिलावा दाबून बसवायचा, अशा पद्धतीने साधारण इंचभर जाडीचे कवच चढवले. मधे एकही खांब नाही. जमीन दहा कोनांची असून तिचे क्षेत्रफळ सुमारे 294 चौरस फूट भरते. दहा कोनांच्या प्रत्येक बाजूला एक याप्रमाणे दहा बाके आम्ही भिंतीलगत ठेवली आहेत, आणि मध्ये गोल मोकळी जागा उरते. एकूण खर्च आमच्या चौकोनी खोलीच्या दुसऱ्या अंदाजपत्रकाच्या दोन तृतीयांशाच्या आत राहिला. हा आकडा इतरांना लागू पडेलच असे नाही, कारण उभारणीची मजुरी आम्ही मुलांच्या श्रमदानातून वाचवली आणि वाळू एका सभासदाने दिली.

आता सेवेविषयी, कारण वस्तूपेक्षा मला तिच्याविषयी अधिक लिहायचे आहे.

कारागीर पहिल्यांदा आले ते मोजपट्टी न काढता तासभर नुसते बसून राहिले. मुले किती येतात, कोणत्या वेळी येतात, मुली येतात का आणि येत नसतील तर अंधार पडल्यावर वाटेवर दिवा आहे का, अशी त्यांची विचारपूस चालली होती. मला वाटले, गप्पिष्ट गृहस्थ दिसतात. नंतर त्यांनी जी जागा सुचवली ती आम्ही ठरवलेल्या जागेपेक्षा चाळीस फूट अलीकडे, रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात होती. आज अभ्यासिकेत निम्म्या मुली आहेत, याचे श्रेय घुमटाच्या रचनेपेक्षा त्या चाळीस फुटांना अधिक आहे.

चार दिवसांनी त्यांनी अंदाजपत्रक आणले. ते वहीच्या दोन पानांवर हाताने लिहिलेले होते आणि तसे अंदाजपत्रक मी कोणत्याही ठेकेदाराकडून पाहिलेले नाही. सामान, मजुरी, वीज आणि यंत्रांची झीज, वाहतूक, असे रकाने होते आणि सर्वांत शेवटी ‘माझा नफा’ असा स्वतंत्र रकाना होता. कार्यकारिणीतील एका सदस्यांनी सवयीप्रमाणे घासाघीस सुरू केली, तेव्हा कारागिरांनी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि यांतील कोणता आकडा कमी करायचा ते आपणच सांगावे, असे अत्यंत नम्रपणे म्हटले. सदस्यांनी पाने उलटसुलट केली आणि मग सर्वांसाठी चहा मागवला.

ही सवय त्यांना कुठून लागली, हे विचारल्यावर ते म्हणाले, “आश्रमात वस्तू आधी कागदावर करायला लागायची. ड्रॉइंग आणि कॉस्टिंग. ते जमल्याशिवाय लोखंडाला हात नाही.” ते नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, नववी नापास झाल्यावर, तिथे गेले होते.

इथे कलबाग सरांविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. त्यांचा जन्म 1928 चा. अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. करून आलेले हे गृहस्थ मुंबईत हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात वरिष्ठ शास्त्रज्ञ होते. पन्नाशी उलटल्यावर, म्हणजे आपल्याकडे माणूस भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब करू लागतो त्या वयात, त्यांनी ती नोकरी सोडली आणि पत्नी मीराताईंसह शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव गाठले. तिथे 1983 साली पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून विज्ञान आश्रम सुरू झाला, आणि पुढची वीस वर्षे, अखेरपर्यंत, ते तिथेच राहिले. पुण्याच्या लोकांना पाबळ म्हटले की मस्तानीची कबर आठवते. आमचा हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. ज्या गावी काही उगवत नाही अशी ख्याती, तिथे शहरातला मोठा शास्त्रज्ञ शाळा काढायला का येईल, असा प्रश्न त्या काळी लोकांना पडला नसता तरच नवल. परंतु सुपीक, बागायती, पुढारलेले गाव निवडून तिथे प्रयोग यशस्वी करून दाखवण्यात त्यांना रस नव्हता. इतर गावांना जे अडते ते सगळे जिथे अडते, तिथेच त्यांना प्रयोग करायचा होता.

‘विज्ञान आश्रम’ या नावातच त्यांचा हेतू होता. विज्ञान म्हणजे सत्याचा शोध, आणि आश्रम म्हणजे साधी राहणी, उच्च विचार आणि सर्वांना समान स्थान. हाताने काम करत शिकणे ही मेंदूची स्वाभाविक रीत आहे आणि शाळेने ती मोडून टाकली आहे, या विचारावर त्यांनी सगळी उभारणी केली. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली होती, तिच्याशी याचे नाते उघड आहे. मात्र चरख्याच्या जागी इथे वेल्डिंगचे यंत्र, पाणी मोजण्याचे उपकरण आणि पुढे संगणक आला. निवासी अभ्यासक्रमात शाळा सुटलेली मुले एक वर्ष राहून वर्कशॉप, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य अशी चारही प्रकारची कामे शिकत. एकच हुन्नर शिकवून मुलाला कारखान्याच्या दाराशी उभे करायचे नाही, तर गावात जे काम पडेल ते करता येईल असा माणूस घडवायचा, ही त्यामागची दृष्टी. हाच चार विभागांचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी आठवड्यातून एक दिवस याप्रमाणे माध्यमिक शाळांत नेण्यात आला. आम्ही शिक्षक त्याला ‘आयबीटी’ (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) म्हणून ओळखतो.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट फारशी कुणी लिहीत नाही. आश्रमातील आणि शाळांतील विद्यार्थी गावाला ज्या सेवा देत, त्यांचे पैसे गावाने द्यायचे असत. जमिनीचा विद्युतरोध मोजून विहिरीसाठी पाण्याचा अंदाज सांगणे असो किंवा फाटक बसवणे असो, काम खरे, गिऱ्हाईक खरे आणि बिलही खरे. सरावाच्या तुकड्यावर घातलेला वेल्ड कसाही असला तरी चालतो, तो भंगारात जातो. शेतकऱ्याने पैसे मोजलेल्या फाटकावरचा वेल्ड तुटला तर तो शेतकरी दारात येऊन उभा राहतो. परीक्षकाची भीती परीक्षेपुरती असते, गिऱ्हाइकाची कायमची, आणि मुलाला ‘तू नापास झालास’ असे ते कधी म्हणत नाही. ‘हा सांधा नीट कर’ असे म्हणते. नापास या शब्दाखाली दबलेल्या मुलासाठी या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते मी निवृत्त झाल्यावर पाहिले, याची मला खंत आहे.

2002 साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवण्याची छोटी कार्यशाळा, याच पाबळला सुरू झाली. ही बातमी पुष्कळदा सांगितली जाते आणि सांगण्यासारखी आहेच. पण आमच्या कारागिरांना तिचे विशेष अप्रूप दिसले नाही. ते त्या आधीच शिकून बाहेर पडले होते. त्यांच्या बोलण्यात जुन्या जीपचे सुटे भाग वापरून आश्रमात तयार केलेल्या छोट्या ट्रॅक्टरचे कौतुक अधिक येते.

आता ती वजावटीची गोष्ट. कारागिरांकडे एक शिकाऊ मुलगा आहे. वय सतरा, शाळा नववीत सुटलेली, कारण विचारले तर ‘गणित’ एवढेच सांगतो. पाइप कापण्याचे काम त्याच्याकडे दिले होते. बाजारात पाइप साधारण 20 फुटांचा मिळतो, त्यातून लांब किंवा आखूड कोणतेही तुकडे तीनच निघतात, त्यामुळे लांब तुकड्यांसाठी 12 आणि आखूड तुकड्यांसाठी 10 असे 22 पाइप लागणार, हा हिशेब त्याने स्वतः खडूने वर्कशॉपच्या भिंतीवर मांडला होता आणि तो बरोबर होता. मात्र एका पाइपातील तीन आखूड तुकडे कापताना त्याने सांध्याची वजावट दोनदा केली. तुकडे लहान पडले. लांब पडले असते तर कापून घेता आले असते, लहान पडलेल्या लोखंडाला इलाज नसतो.

मी तिथेच बसलो होतो. कारागिरांनी तुकडे उचलून पाहिले, मुलाकडे पाहिले आणि विचारले, “किती कमी आहेत?” मुलगा म्हणाला, “कमी आहेत.” कारागीर म्हणाले, “कमी आहेत ते मलाबी दिसतंय. किती?” मुलाने मोजले, आकडा सांगितला. मग तो आकडा कुठून आला असेल हे शोधायला सांगून कारागीर दुसऱ्या कामाला लागले. अर्ध्या तासाने मुलगा परत आला आणि त्याने चूक कशी झाली ते सांगितले. त्याला कुणी रागावले नाही आणि कुणी शाबासकीही दिली नाही. त्याला नवा पाइप मिळाला. त्या अर्ध्या तासात मी दोनदा तोंड उघडून उत्तर सांगणार होतो, आणि दोन्ही वेळा कारागिरांनी हाताने मला थांबवले. तीस वर्षांच्या नोकरीत उत्तर सांगण्यापासून मला कुणी अडवले नव्हते.

काम पूर्ण झाल्यावर बिल आले. त्यात 22 पाइपांचे पैसे लावलेले होते. खाली, जमेला न धरलेल्या खर्चात, ‘शिकण्यात गेलेला पाइप: 1’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढे आमच्यासाठी शून्य लिहिलेले होते. ही ओळ लिहिण्याची तरी काय गरज होती, असे मी विचारले. पाइप गेला हे खरे आहे, आणि खरे आहे ते हिशेबात दिसले पाहिजे, असे उत्तर मिळाले. वाया गेलेल्या त्या तीन तुकड्यांना वर एकत्र जोडून आणि खाली रबरी टोप्या बसवून मुलाने आमच्या फळ्यासाठी तिकाटणे केले. फळा आजही त्यावरच उभा असतो.

कलबाग सरांच्या हाताखालचा विद्यार्थी आणि त्या विद्यार्थ्याच्या हाताखालचा हा मुलगा, असा हा क्रम आहे. मुलाने सरांचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही. एखाद्या गुरूचे मोठेपण मोजायचे तर त्याचे स्मारक किती उंच आहे हे पाहण्यापेक्षा, त्याला कधीही न भेटलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला चुकीबद्दल कोणत्या शब्दांत विचारले जाते, ते मी पाहीन. हे माझे वैयक्तिक मत झाले. परीक्षणात ते बसते की नाही हे वाचकांनी ठरवावे.

दोषही सांगितले पाहिजेत, आणि ते आहेत.

सर्वांत मोठा दोष आवाजाचा आहे. अर्धगोलाच्या आत उच्चारलेला शब्द भिंतींवरून परतून मध्यभागी गोळा होतो. मध्यावर उभे राहून बोलणाऱ्याला आपलाच आवाज कुणी तरी डोक्यावरून परत बोलल्यासारखा ऐकू येतो, आणि एका टोकाला कुजबुजलेले कधी कधी दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू जाते. अभ्यासिकेत हा दोष लहान नाही. पंख्याचा आवाजही दुणावतो. आम्ही वरच्या त्रिकोणांतून जुन्या गोधड्या ताणून बांधल्या, त्याने पुष्कळ फरक पडला, आणि घुमट आतून रंगीबेरंगी दिसू लागला हा जास्तीचा लाभ. परंतु ही सूचना कारागिरांकडून आधी यायला हवी होती, ती आली नाही.

दुसरा दोष जागेचा. कागदावरचे 294 चौरस फूट आणि वापरात येणारे चौरस फूट एक नव्हेत, कारण कडेला उंची झपाट्याने कमी होते. मध्यापासून आठ फुटांवर उंची सहा फूटच राहते, त्यापलीकडे वाकावे लागते. चौकोनी कपाट कोणत्याही भिंतीला टेकत नाही. मागे त्रिकोणी पोकळी राहते आणि तिथे सरड्यांचे वास्तव्य होते. इथे मात्र कारागिरांचा दोष नाही. त्यांनी घुमटाखाली दोन फूट उंचीची भिंत बांधून घेण्यास सुचवले होते, आणि कार्यकारिणीने, ज्यात मीही आलो, काटकसर म्हणून ते नाकारले. तो पैसा वाचवायला नको होता.

तिसरा दोष उन्हाळा. इंचभर जाडीचे सिमेंटचे कवच एप्रिल-मेच्या दुपारी चांगलेच तापते. बाहेरून चुन्याची पांढरी सफेदी आणि वरच्या भागातील दोन त्रिकोणांना जाळीच्या खिडक्या केल्यावर संध्याकाळी बसणे सुसह्य होते, दुपारी नाही. दुपारी आमची अभ्यासिका बंद असते, म्हणून हे निभावले. ज्यांना दिवसभर वापर करायचा आहे त्यांनी वर गवताचा किंवा शेडनेटचा थर धरूनच हिशेब करावा.

आणि गळती. पहिल्या पावसाळ्यात दरवाजाच्या छज्जाचे आणि घुमटाचे कवच जिथे मिळते, तिथे केसासारखी चीर पडून ओल आली. कारागिरांना फोन केला तेव्हा ते चौथ्या दिवशी आले, चीर मुद्दाम आणखी रुंद केली, जलरोधक मिसळलेला गिलावा आत दाबला आणि वरून लेप दिला. महिन्याने दुसऱ्या बाजूला पुन्हा ओल दिसली, तेव्हा ते पुन्हा आले. दोन्ही खेपांचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. मात्र दुसऱ्या खेपेस त्यांनी मला शांतपणे विचारले की गिलाव्यावर पाणी मारण्याचे काम मुलांकडे होते, ते सलग किती दिवस झाले. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडल्या होत्या आणि एका शनिवार-रविवारी कुणीही पाणी मारले नव्हते, हे मला ठाऊक होते. ते मी सांगितले. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतले. दुसऱ्या पावसाळ्यात गळती झाली नाही.

कामाच्या वेगाविषयी एक तक्रार नोंदवतो. दोन आठवड्यांत होईल असे सांगितलेल्या कामाला तीन आठवडे लागले, कारण मधे एका शेतकऱ्याचा पंपाचा पाया तुटला आणि कारागीर आमचे काम तसेच टाकून तिकडे गेले. रब्बीचे पाणी अडले होते, त्यामुळे मला त्यांना दोष देता आला नाही, पण पूर्वसूचना देता आली असती.

पाचांपैकी गुण द्यायचे तर वस्तूला मी साडेतीन देईन आणि कामाला साडेचार. वस्तूचे गुण आवाजासाठी आणि उन्हाळ्यासाठी कापले आहेत, कामाचा अर्धा गुण त्या न कळवलेल्या आठवड्यासाठी. गोदाम, रोपवाटिका, अभ्यासिका, बालवाडी यांसाठी हा घुमट मी निःसंकोच सुचवीन. राहत्या घरासाठी सुचवणार नाही, निदान चौकोनी पलंग आणि चौकोनी फ्रीज आधीच घेतलेल्या कुटुंबाला तरी नाही. बांधून घेणाऱ्यांनी दिवाळीनंतरच काम काढावे, खाली दोन फुटांची भिंत अवश्य घ्यावी, गिलाव्यावर निदान दहा दिवस पाणी मारण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे सोपवावी, आणि उभारणीच्या दिवशी शाळेतली मुले हाताशी घ्यावीत.

मुलांविषयीची शेवटची सूचना मी शिक्षक म्हणून करतो आहे. कलबाग सरांनी चार विभागांचा अभ्यासक्रम शाळेतल्या सर्व मुलांसाठी आखला होता. आमच्या भागातील पालक मात्र अजूनही अशा शिक्षणाकडे मागे पडलेल्या मुलांची सोय म्हणून पाहतात आणि हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांना त्या तासाला शिकवणीला पाठवतात. आमच्या घुमटाचे बोल्ट आवळताना बारावीत ब्याण्णव टक्के मिळवलेल्या एका मुलीला कोणत्या सांध्यावर चार, कोणत्यावर पाच आणि कोणत्यावर सहा पाइप येतात हे उमगायला वेळ लागला, आणि नववीत शाळा सुटलेल्या त्या मुलाने तिला ते दगडांनी जमिनीवर मांडून दाखवले. जमिनीलगतचे दहा सांधे चारांचे, वरचे टोक आणि त्याखालच्या दुसऱ्या वळ्यातले एकाआड एक पाच मिळून सहा सांधे पाचांचे, आणि मधले बाकीचे दहा सहांचे. तिने सगळी बेरीज करून 130 आकडा काढला, त्याला दोनाने भागले आणि 65 पाइप बरोबर आहेत असे त्याला सांगितले. हा ताळा त्याला माहीत नव्हता. तो त्याने लगेच भिंतीवरच्या हिशेबाखाली लिहून घेतला.

शेजारच्या वाडीने आमचा घुमट पाहून बालवाडीसाठी एक घुमट मागवला आहे, 16 फुटांचा, आणि खाली दोन फुटांच्या भिंतीसह. गेल्या आठवड्यात त्याच्या पायाची आखणी झाली. मध्ये खुंटी ठोकून, दोरीने वर्तुळ काढून, त्यावर सारख्या अंतरावर दहा खुणा करायच्या असतात आणि दहाव्या खुणेपासून पुढे घेतलेले माप पहिल्या खुणेशी नेमके जुळावे लागते. मी पाहायला गेलो होतो. कारागीर आले नव्हते. दोरी आणि खडूची पूड घेऊन तो मुलगा एकटाच आला होता.